परवानगी मिळाली, पैसे कोण देणार?



मागच्या दोन लेखांत आपण मेडिक्लेमच्या अटी आणि जनेरिक औषधं हे विषय घेतले. त्यावर आलेल्या एका पत्रातला प्रश्न जरा वेगळा होता. "परदेशात गांजापासून केलेलं औषध डॉक्टर लिहून देतात म्हणे. मग तिथलं सरकार त्याचे पैसेही देतं का?" विचारणाऱ्या काकूंचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. योगायोग असा, की गेले काही महिने माझ्या घरातही हाच विषय चालला आहे, आणि तोही ऑस्ट्रेलियातलाच. म्हणून आजचा लेख त्यावर.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. औषध घ्यावं की नाही हे मी सांगणार नाही. त्याचा खर्च कुठून कुठे जातो, कोण भरतो आणि कोण भरत नाही, एवढंच मांडणार आहे.

माझी मामेबहीण मेलबर्नला असते. तिला मी ताई म्हणतो. भाऊजींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, त्याला तीन वर्षं झाली. ऑपरेशन नीट झालं, पण पायात वीज चमकावी तशी कळ राहिली ती राहिलीच. रात्री दोन-अडीच तासांपलीकडे सलग झोप नाही. नेहमीच्या गोळ्या झाल्या, त्यांचे डोस वाढवून झाले. मग एका ऑनलाइन क्लिनिकची जाहिरात पाहून त्यांनी व्हिडिओवर डॉक्टरांची वेळ घेतली. दहा-बारा मिनिटांत बोलणं संपलं, चिठ्ठी तयार झाली आणि चार दिवसांत दोन बाटल्या घरपोच आल्या. चार महिन्यांनी ताईने सगळी बिलं मला पाठवली. म्हणाली, "अरे, हे कायद्याने मिळतं, डॉक्टरने लिहून दिलंय, आमच्याकडे मेडिकेअर कार्ड आहे. तरी एक डॉलर परत येत नाही. असं कसं? तू एकदा बसून बघ ना."

मी बसलो. बिलांची बेरीज अशी निघाली:

पहिली तपासणी ८० डॉलर, फेरतपासणी ६० डॉलर. दिवसाचं तेल महिन्याला १२० डॉलर, म्हणजे चार महिन्यांचे ४८०. रात्रीचं तेल महिन्याला १५०, म्हणजे ६००. घरपोच पाठवण्याचे दर महिन्याला १०, म्हणजे ४०. एकूण १,२६० डॉलर. आपल्या पैशात साधारण ७२ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १८ हजार. त्यांच्या घराचा हप्ता चालू आहे, धाकटीची शाळा आहे. भाऊजी वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहेत, आणि पाठीमुळे त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आहे. अशा घरात महिन्याला ३१५ डॉलर ही रक्कम जाणवते.

आता ताईच्या प्रश्नाकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने फेब्रुवारी २०१६ मध्ये कायदा बदलला आणि औषधासाठी गांजाची लागवड आणि उत्पादन परवान्याने करता येऊ लागलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून औषधी गांजा कडक नियंत्रणाखालच्या पण डॉक्टरला लिहून देता येणाऱ्या औषधांच्या वर्गात आला. ही झाली परवानगी. सरकारने पैसे द्यावेत यासाठी मात्र औषधाला आणखी तीन पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी नोंदणीची. तिथे टीजीए नावाची सरकारी संस्था आहे, आपल्याकडच्या औषध नियंत्रकांसारखी. कंपनीने चाचण्यांचे पुरावे द्यायचे, टीजीएने ते तपासायचे आणि औषध सुरक्षित आहे, गुणकारी आहे आणि दर्जा सारखा राहतो असं पटलं तर आपल्या यादीत नोंदवायचं. दुसरी पायरी पीबीएसी या तज्ज्ञ समितीची. ती विचारते, की हे औषध आजच्या उपचारांपेक्षा किती चांगलं आहे आणि मागितलेल्या किमतीच्या तोलाचं आहे का? तिचा होकार आला, की किमतीची बोलणी होऊन औषध पीबीएस या अनुदानाच्या यादीत जातं. ही तिसरी पायरी. एकदा त्या यादीत आलं, की मूळ किंमत कितीही असो, रुग्णाने ठरावीक रक्कम द्यायची. २०२५ मध्ये ती एका चिठ्ठीला जास्तीत जास्त ३१.६० डॉलर होती, १ जानेवारी २०२६ पासून २५ डॉलर झाली. सवलत-कार्ड असलेल्यांना ७.७० डॉलर.

गांजापासून केलेली औषधं या पायऱ्यांवर कुठे उभी आहेत, ते पाहिलं की सगळा उलगडा होतो.

एपिडायोलेक्स हे एक औषध तिन्ही पायऱ्या चढलं. त्यात सीबीडी हा गांजातला नशा न आणणारा घटक असतो. ड्रावे सिंड्रोम म्हणून लहान मुलांमधला फार वाईट प्रकारचा आकडीचा आजार आहे, त्यावर हे देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १२० मुलांच्या चाचणीत, ज्यांना हे औषध मिळालं त्यांच्या महिन्यातल्या मोठ्या झटक्यांचं मध्यमान १२.४ वरून ५.९ वर आलं. ज्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रव्य दिलं, त्यांचं १४.९ वरून १४.१. एवढा स्पष्ट पुरावा हातात होता. १ मे २०२१ पासून हे औषध ड्रावे सिंड्रोमसाठी ऑस्ट्रेलियाच्या अनुदान यादीत आलं. सरकारच्याच त्या वेळच्या हिशेबाने अनुदान नसतं तर एका कुटुंबाला वर्षाला २४,००० डॉलरहून अधिक खर्च आला असता. अनुदानानंतर दर चिठ्ठीला ४१.३० डॉलर.

दुसरं औषध सॅटिव्हेक्स. हा तोंडात मारायचा स्प्रे मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये स्नायू आखडतात त्यावर आहे. पहिली पायरी तो २०१२ मध्येच चढला, म्हणजे औषधी गांजाचा कायदा येण्याच्याही आधी. पण २०१३ मध्ये दुसऱ्या पायरीवर समितीने अनुदानाची शिफारस नाकारली. त्यामुळे औषध नोंदणीकृत आहे, तरी खर्च रुग्णाच्या खिशातून.

आणि बाकीची तेलं, कॅप्सुल, सुकी फुलं? ती पहिल्या पायरीवरही चढलेली नाहीत. टीजीएच्या भाषेत ती 'अमान्य' औषधं आहेत. बेकायदा नव्हेत, फक्त त्यांची गुणकारिता सरकारने तपासलेली नाही. खास परवानगीच्या मार्गाने डॉक्टर ती आपल्या जबाबदारीवर लिहून देतात. भाऊजींच्या दोन्ही बाटल्या याच गटातल्या. जी औषधं नोंदलेलीच नाहीत, ती अनुदानाच्या यादीत जाणार कशी? ताईला मी हे सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मेडिकेअरने आमची केस नाकारलेली नाही, आमची केस त्यांच्याकडे गेलेलीच नाही." अगदी बरोबर.

मग कंपन्या अर्ज का करत नाहीत? माझं मत सांगतो. नोंदणीसाठी मोठ्या चाचण्या लागतात, त्यांना वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागतात. इकडे खास परवानगीच्या मार्गाने माल आजही विकला जातो. मग एवढा खर्च कोण करेल? एक उदाहरण बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून टीजीएने कमी ताकदीचं सीबीडी, दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत, चिठ्ठीशिवाय फार्मासिस्टकडून मिळू शकेल असा नियम केला. मुख्य अट अशी, की औषध नोंदणीकृत हवं. त्यानंतर वर्षानुवर्षं तो कप्पा रिकामाच राहिला.

दुखण्याच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. आकडीसाठी जसा पुरावा उभा राहिला, तसा जुनाट दुखण्यासाठी राहिलेला नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वेदनातज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की कर्करोगाशी संबंध नसलेल्या जुनाट दुखण्यासाठी चाचणीचा भाग असल्याशिवाय हे लिहून देऊ नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१९ च्या मार्गदर्शनात जवळजवळ तेच म्हटलं. याचा अर्थ कुणालाच आराम पडत नाही असा नाही. पण 'मला बरं वाटलं' एवढ्यावर सरकारी तिजोरी उघडत नाही, हे समजून घ्यायला हवं.

इतर देशांत काय? ब्रिटनने १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना हे लिहून देण्याची मुभा दिली, पण सरकारी आरोग्यसेवेतून नोंदणी नसलेली तेलं फारच थोड्यांना मिळतात, बाकीचे खाजगी क्लिनिकमध्ये पैसे मोजतात. जर्मनीने मार्च २०१७ मध्ये उलट केलं. गंभीर आजार असेल आणि विमा संस्थेने आधी मंजुरी दिली, तर खर्च विमा संस्थेने करायचा, असं कायद्यातच लिहिलं. रुग्णाने भरायचे साधारण ५ ते १० युरो. पण अनेकदा मंजुरी मिळवावी लागते, आणि अर्ज फेटाळलेही जातात. झाड तेच, रोगीही तसेच. फरक एवढाच, की कोणत्या देशाने पैशांचा प्रश्न कायद्यात सोडवला आणि कोणी मोकळा ठेवला.

आता ऑस्ट्रेलियात पीबीएस सोडून आणखी कुठून मदत मिळते का, ते आम्ही शोधलं. काही खाजगी विम्यांच्या 'एक्स्ट्रा' प्रकारात अनुदान यादीबाहेरच्या औषधांसाठी वर्षाला ठरावीक मर्यादेत थोडे पैसे मिळतात, पण नोंदणी नसलेलं औषध चालेल का, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं. माजी सैनिकांचा विभाग प्रकरण पाहून खर्च मंजूर करतो. कामावर झालेल्या इजेसाठीच्या भरपाईतूनही असाच एकेक अर्ज पाहून निर्णय होतो. व्हिक्टोरिया राज्याने २०१७ पासून तीव्र आकडीच्या मोजक्या मुलांना आपल्या खर्चाने औषध दिलं. भाऊजी यातल्या कशातच बसले नाहीत. ऑनलाइन क्लिनिकच्या फीवर मेडिकेअरची परतफेडही मिळाली नाही, कारण फोन-व्हिडिओवरच्या सल्ल्यासाठी सहसा त्या डॉक्टरला गेल्या वर्षभरात एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेलं असावं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की तिथे वर्षभरात औषधांवर ठरावीक खर्च झाला की पुढची औषधं स्वस्त होतात, पण त्या बेरजेत फक्त अनुदान यादीतली औषधं धरतात. भाऊजींची बीपीची गोळी त्यात धरली जाते, हे १,२६० डॉलर नाहीत.

बिलांत न दिसणारा खर्चही होता. रात्रीच्या तेलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक होता. व्हिक्टोरियात रस्त्यावर लाळेची तपासणी होते. त्यात टीएचसी सापडलं, तर डॉक्टरची चिठ्ठी असली तरी तो गुन्हा ठरतो. १ मार्च २०२५ पासून चिठ्ठी असलेल्यांचं लायसन्स रद्द करायचं की नाही हे ठरवण्याची मुभा न्यायाधीशांना मिळाली आहे, पण कोर्टाची पायरी टळत नाही. म्हणून भाऊजी गाडी घरी ठेवून बस-ट्रेनने जायला लागले. एका बाजूला दीड तास. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाने रोज तीन तास प्रवास करायचा, आणि तोही पाठीच्या औषधापायी!

हिशेबात एक उपयोगी गोष्ट मात्र सापडली. बाटलीच्या किमतीवर जाऊ नका, मिलिग्रॅमवर जा. भाऊजींची दिवसाची बाटली ३० मिलीची, एका मिलीत ५० मिलिग्रॅम सीबीडी, म्हणजे एकूण १,५०० मिलिग्रॅम, १२० डॉलरला. मिलिग्रॅमला ८ सेंट. त्याच फार्मसीच्या यादीत दुसरी बाटली २०० डॉलरची होती, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. ती ५० मिलीची, मिलीत १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मिलिग्रॅम. मिलिग्रॅमला ४ सेंट, निम्मा दर. अर्थात उघडल्यावर ती किती दिवस टिकते हे विचारावं लागतं आणि बदल डॉक्टरलाच विचारून करायचा. पण हा भागाकार त्या चार महिन्यांत त्यांना कुणीही करून दाखवला नव्हता.

का नव्हता, यावर थोडं स्पष्ट बोलतो. काही क्लिनिकं अशी आहेत, की तपासणारे, लिहून देणारे आणि विकणारे एकाच छत्राखाली असतात. जुलै २०२५ मध्ये तिथल्या वैद्यकीय व्यवसायाच्या नियामक संस्थेने जाहीरपणे इशारा दिला. आठ जणांनी सहा महिन्यांत प्रत्येकी १०,००० हून अधिक चिठ्ठ्या लिहिल्याचं तिच्या पाहणीत आढळलं होतं. सहा महिन्यांत दहा हजार म्हणजे सुट्टी न घेता रोज पन्नासच्या वर. त्यात एकेका रुग्णाचा हिशेब कोण बघणार?

शेवटी ताई आणि भाऊजी आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. सगळी बिलं, बाटल्यांचे फोटो समोर ठेवले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सहा आठवड्यांची मुदत घातली आणि रोज तीन आकडे लिहायला सांगितले: दुखणं दहापैकी किती, सलग झोप किती तास, आणि त्या दिवशी किती चालणं झालं. मी त्याची साधी शीट करून दिली. सहा आठवड्यांनी चित्र असं दिसलं, की झोप अडीच तासांवरून साडेतीनवर आली होती, दुखणं होतं तिथेच, आणि चालणं कमी झालं होतं. बहुतेक त्या प्रवासामुळे.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट काढली. जुनाट आजारासाठी फॅमिली डॉक्टरने योजना तयार केली, तर वर्षाला फिजिओथेरपीसारख्या पाच भेटींवर मेडिकेअर परतफेड देतं. तीन वर्षांत भाऊजींनी त्यातली एकही वापरलेली नव्हती. सरकारी हॉस्पिटलच्या वेदना विभागात नाव घालायचंही राहिलं होतं. ते घातलं. रांग मोठी आहे, पण नंबर लागला की तिथे फी नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रात्रीचं तेल आधी कमी करून मग बंद केलं. दिवसाचं अजून चालू आहे, कमी दराच्या बाटलीतून. महिन्याचा खर्च ३१५ वरून ७० डॉलरच्या आसपास आला. दुखणं गेलेलं नाही, पण भाऊजी पुन्हा स्वतः गाडी चालवत कामावर जातात.

आता आपल्यापुरतं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गांजा आणि चरस येतात. भांगेची नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत, म्हणून महाशिवरात्रीची भांग आणि गांजा यांच्यात कायदा फरक करतो. आयुर्वेदात हिचं नाव 'विजया', आणि तिच्यापासून केलेली औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यांचा खर्च आपलाच, कारण नेहमीचं मेडिक्लेम हॉस्पिटलात दाखल झाल्यावर कामाला येतं, दर महिन्याच्या बाटलीला नाही. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं असं: हिवाळ्यात लग्नसराईला ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडातून पाहुणे येतात. तिकडच्या चिठ्ठीवरचं गांजाचं तेल त्यांनी बॅगेत आणू नये आणि कुरिअरने तर मुळीच मागवू नये. तिकडची चिठ्ठी इथल्या कस्टमला पुरत नाही. हे निघण्याआधी त्यांना फोनवर सांगा.

आणि आपल्या कुणाच्या मुलाने, मुलीने किंवा जावयाने तिकडे हे औषध सुरू केलं असेल, तर एवढे प्रश्न त्यांना जरूर विचारायला सांगा:

१. हे औषध टीजीएकडे नोंदलेलं आहे का? माझ्या आजारासाठी अनुदानाच्या यादीत आहे का?
२. मिलिग्रॅमला दर किती पडतो, आणि माझ्या डोसला बाटली किती दिवस पुरेल?
३. फेरतपासणी, औषध पाठवणं धरून महिन्याचा एकूण खर्च किती?
४. यात टीएचसी आहे का? मग माझ्या राज्यात गाडी चालवण्याचं काय?
५. किती आठवड्यांनी आणि कशावरून ठरवायचं, की उपयोग होतोय की नाही?
६. याच आजारासाठी सरकार ज्याचे पैसे देतं, ते सगळं करून झालं आहे का?

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगायचं, तर सरकार पैसे देतं, पण झाडाचे देत नाही, सिद्ध झालेल्या औषधाचे देतं. ज्याचं औषध अजून सिद्ध व्हायचं आहे, त्याने स्वतःच्या खिशाला मुदत आणि मर्यादा घालून चालावं.

पुढच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या प्रवास विम्याबद्दल लिहीन. मुलांकडे परदेशी जाऊन आलेल्यांनी आपले अनुभव नक्की कळवा.